शूर्पारकातले हमाल

धैर्यशील पाटणकरला दोन गोष्टींची मनापासून चीड होती. एक, डोळे दिपवणारे महागडे व्हिडिओ गेम. आणि दुसरी, तसले गेम काढणारा त्याचा धाकटा साडू विश्वजित जगदाळे. पहिल्या चिडीवर तो कॉलेजांमधून व्याख्यानं द्यायचा. दुसरी गिळून टाकायचा. पण गिळलेलं सगळं पचतंच असं नाही, आणि विश्वजितचं नाव निघालं की धैर्यशीलच्या तोंडाची चव गेलेली कोणालाही कळायची.

कोल्हापुरात राजारामपुरीत, दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर धैर्यशीलची कंपनी होती. माणसं मोजकीच, त्यांत बायको केतकीही आली. आतापर्यंत त्यांनी तीन गेम काढले होते. समीक्षकांनी तिन्ही वेळा पाठ थोपटली आणि गिऱ्हाइकांनी तिन्ही वेळा पाठ फिरवली. चौथा गेम तयार होता, त्याचं नाव 'पाणंद'. शेतांमधल्या चिंचोळ्या वाटेने एक मुलगी गावी परत येते, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंची माणसं तिला तिच्या बेपत्ता आईबद्दल वेगवेगळं सांगतात. कोणाचं खरं मानायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. चित्रं सगळी धैर्यशीलने हाताने काढलेली, काळ्या रेषांची. गोष्ट केतकीची होती. ती लिहायला तिला दोन वर्षं लागली होती, आणि आपण आजवर केलेल्या कामात हेच एक काम आपल्या मागे उरण्यासारखं आहे, असं ती एकदाच, पण ठामपणे म्हणाली होती.

पुण्यातली आर्किटेक्टची चांगली नोकरी सोडून केतकी कोल्हापूरला आली होती ती धैर्यशीलच्या एका वाक्याखातर. "गेम डोळ्यांसाठी नसतो, मनासाठी असतो," असं तो म्हणायचा. म्हणताना तो खरंच देखणा दिसायचा. आपला नवरा पैशामागे धावत नाही, त्याला एक तत्त्व आहे, हा केतकीच्या संसाराचा पाया होता. भाड्याचं घर, जुनी गाडी, माहेरच्यांचे टोमणे, हे सगळं त्या पायावर उभं होतं.

तिच्या धाकट्या बहिणीचा, ऋतुजाचा नवरा मात्र सरळ पैशामागेच धावला होता आणि पैसाही बिचारा त्याच्यासाठी थांबला होता. पुण्यातल्या एका बलाढ्य कंपनीत विश्वजित निर्मितीप्रमुख होता. त्या कंपनीने हजार कोटी ओतून 'शूर्पारक' नावाचा गेम काढला. दोन हजार वर्षांपूर्वीचं सोपाऱ्याचं बंदर. गलबतं, मिरीची पोती, हत्ती, रोमचे व्यापारी. खास चष्मा लावायचा आणि बंदरात उतरायचं. ज्यांनी लावला ते सांगत, की लाटेचे शिंतोडे आले म्हणून आम्ही तोंड पुसलं.

हे कसं जमलं, ते सांगायला हवं. आपण समोरचं सगळं स्वच्छ बघतो, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. हात लांब केला की अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढाच भाग डोळ्याला लख्ख दिसतो. बाकीचं धूसर असतं, आणि मेंदू ते अंदाजाने भरून काढतो. नजर सारखी उड्या मारत असते म्हणून हे लक्षात येत नाही. उडी चालू असते त्या क्षणी तर आपण जवळजवळ आंधळेच असतो. विश्वजितच्या कंपनीने लाखो लोकांच्या नजरेच्या उड्यांचा अभ्यास केला आणि असं यंत्र बनवलं, की नजर कुठे जाऊन टेकणार हे उडी पुरी होण्याआधीच त्याला कळावं. मग सगळं बंदर रंगवायची गरज उरली नाही. नखाएवढाच तुकडा रंगवायचा, पण असा, की खऱ्यालाही लाज वाटावी. चष्म्यातली सगळी ताकद त्या तुकड्यावर खर्च व्हायची. हजार कोटींतले बहुतेक त्या अभ्यासावर गेले होते, त्यामुळे इतर कोणाला हे जमणं शक्य नव्हतं. दोन गेमची चित्रं दुकानाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लागली की गिऱ्हाईक गोष्ट वाचत बसत नाही, चित्राकडे बघतं. 'शूर्पारक' पहिल्याच महिन्यात घरोघरी पोहोचला.

धैर्यशीलने ऑफिसात त्या गेमचं नाव काढायला बंदी केली. त्याबद्दलच्या बातम्या तो वाचत नसे. कोणी विषय काढलाच तर "रंगरंगोटी" असा एकच शब्द म्हणून उठून जाई.

आणि मग विश्वजितच कोल्हापूरला आला. हातात दोन चष्मे, एक ताईंना आणि एक दादांना. केतकी ही ऋतुजाची ताई म्हणून त्याचीही ताई, आणि धैर्यशील दादा. माणूस वागायला इतका चांगला, की त्याचा राग करताना जास्तच मेहनत घ्यावी लागायची.

"दादा, बंदरात गर्दीसाठी माणसं लागतात," तो चहा घेता घेता म्हणाला. "आमच्या लोकांनी आपापल्या घरच्यांचेच चेहरे घातलेत. गेल्या वर्षी ऋतुजाच्या वाढदिवसाला मी सगळ्यांचे फोटो काढले होते ना, ते त्यासाठीच. कराडला आई-आप्पांना दिले त्यांत आणि तुमच्या दोघांच्या चष्म्यांत आपल्या घरातले सगळे आहेत. आप्पा सुपाऱ्या विकतायत. मीसुद्धा आहे एका कोपऱ्यात, हमाल म्हणून."

"शोभताय का?" केतकीने विचारलं.

"पोतं उचलताना पाठ दुखली, ताई." मग तो जरा सावरून बसला. "दादा, खरं बोलायचंय ते 'पाणंद'बद्दल. ताईंची गोष्ट मी वाचली. असं आमच्याकडे कोणी लिहीत नाही. कंपनी दरवर्षी बाहेरचा एक गेम घेते. गोष्ट तुमची, नाव तुमचं, रेषाही तुमच्याच ठेवू. फक्त आमच्या यंत्रावर चालवू. लोक बघतील तरी. धोंड्याचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी आमची बैठक आहे. तोवर सांगा."

केतकीने धैर्यशीलकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते लपवायला तिला जमलं नव्हतं. तिला हो म्हणायचं होतं.

"विचार करतो," धैर्यशील म्हणाला. विश्वजित गेल्यावर तो केतकीला म्हणाला, "त्यांच्या यंत्रावर गेलं की ती 'पाणंद' राहणार नाही. लोक चिखल किती खरा दिसतो ते बघतील, तुझी गोष्ट ऐकणार नाहीत. मला हे तत्त्वात बसवता येत नाही."

केतकीने चहाच्या कपबशा उचलल्या. "तुझं तत्त्व असेल तर मी मधे येणार नाही," ती म्हणाली. "पण धोंड्यापर्यंत विचार कर. खरंच विचार कर."

विचार करण्यासाठी धैर्यशीलने दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या आतल्या खोलीचं दार लावून तो चष्मा घातला. शत्रूचा अभ्यास, असं त्याने स्वतःला सांगितलं.

बंदर सुंदर होतं. हे मान्य करायला त्याला पहिली पाच मिनिटंही लागली नाहीत. गलबताच्या दोरावर सुकलेलं मीठ दिसत होतं. मासळीच्या टोपलीवर माशी बसली तर तिच्या पंखांत आभाळ चमकत होतं. सुपाऱ्यांच्या दुकानात सासरेबुवा दिसले, विहिरीवर केतकी दिसली. त्याला गंमत वाटली आणि तो पुढे गेला. मग धक्क्यावर विश्वजित दिसला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर मिरीचं पोतं, घामाने निथळलेला. धैर्यशील थांबला. विश्वजितला ओझं वाहताना बघणं त्याला कमालीचं आवडलं. त्याचबरोबर, त्या घामाच्या एका थेंबावर किती पैसा खर्च झाला असेल, याचा तो हिशोब करू लागला. तो हमालाच्या मागोमाग वखारीपर्यंत गेला आणि परत धक्क्यापर्यंत आला.

पुढे तो रोज दुपारी दार लावू लागला. चारआठ दिवसांनी धक्क्यावर तसेच तीन हमाल दिसले, तिघेही विश्वजित. मग वखारीचा कारकून विश्वजित झाला. मग मिरीचा व्यापारी. महिनाभरात गलबतावरचा नाखवा, मंदिरातला पुजारी, हत्तीवरचा माहूत, जिकडे बघावं तिकडे तेच तोंड. कुठे कपाळावर गंध लावलेलं, कुठे दाढी वाढवलेलं.

धैर्यशीलला आधी हसू आलं, मग संताप, मग एक गोड समाधान. काय हा माणूस! हजार कोटींचा गेम आणि गावभर स्वतःचं थोबाड. ही गोष्ट एकदा सासरी आप्पांच्या कानावर घालायचीच, असं त्याने ठरवलं. आप्पा थोरात कराडच्या एसटी डेपोचे निवृत्त व्यवस्थापक. त्यांना बढाईखोर माणूस खपत नसे. केतकीला मात्र त्याने काही सांगितलं नाही. सांगायचं तर आपण रोज दुपारी काय करतो, तेही सांगावं लागलं असतं.

धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो. जावयाला बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. थोरातांच्या घरी या बाबतीत सगळं रीतसर. ओवाळणी आधी थोरल्या जावयाची, ताट आधी थोरल्याचं, वाण आधी थोरल्याला. बाहेरच्या जगात विश्वजित कितीही मोठा असो, कराडच्या त्या बंगल्यात तो दुसरा होता. धैर्यशील या दिवसाची तीन तीन वर्षं वाट बघायचा.

त्या दिवशीही सासूबाईंनी आधी त्याला ओवाळलं. जेवण झालं. सगळे हॉलमध्ये सुपारी चघळत बसले. आप्पा म्हणाले, "विश्वजितराव, तुमचा तो खेळ भिंतीवर मोठा दिसतो म्हणं. दाखवा की. मला त्या चष्म्यात सगळं एकट्यालाच बघावं लागतंय."

"दाखवतो की," विश्वजित म्हणाला. "पण मान थोरल्या जावयाचा. दादांनी बंदर उघडलं असेल तर त्यांचंच आधी बघू."

हे तो निव्वळ आदराने बोलला होता. धैर्यशीलला मात्र देवच पावला. चष्मा त्याने बॅगेत आणलाच होता.

"अहो, तुम्ही खेळता?" केतकी म्हणाली. चारचौघांत ती त्याला अहो म्हणे.

"अभ्यास म्हणून," तो म्हणाला. "आणि आज सगळ्यांना एक गंमत दाखवायची आहे."

चष्मा त्याच्या डोळ्यांवर, चित्र भिंतीवर. शूर्पारकाचा धक्का उजळला. सासूबाई "अगं बाई" म्हणाल्या. मग गर्दी जवळ आली. हमाल, व्यापारी, पुजारी. वखारीच्या गच्चीवरून खाली बघणारा नगरशेठ. सगळे विश्वजित.

"बघा आप्पा," धैर्यशील मजेत म्हणाला. "आमच्या साडूंची हौस बघा. गाव वसवलं आणि घरटी एक स्वतःला ठेवून घेतलं. लोकांच्या पैशातून केवढी मोठी मूर्ती बसवली माणसाने."

कोणी हसलं नाही.

"दाजी, पण ते तर..." ऋतुजा बोलू लागली.

"ऋतुजा, पाणी आण जरा," विश्वजित म्हणाला.

आप्पा भिंतीकडे बघत होते. "माझ्या बंदरात विश्वजितराव पहिल्या दिवशी दिसलं, मग नाहीच. माझ्याकडं नुसत्या बैलगाड्या. एकामागं एक, वेळंवर सुटतात. बघत बसावं वाटतं."

"माझ्याकडं फुलंवाल्या बायका," सासूबाई म्हणाल्या. "सगळा धक्का गजऱ्यांनी भरलाय."

"तसंच असतंय ते," आप्पा म्हणाले. "पेपरात आलं होतं की. डोळ्याची बाहुली उजेडानं लहानमोठी होती, तशी मन ओढलं गेलं की पण मोठी होती. आपल्या हातात नसतं ते. चष्मा ते मोजतो. बाहुली जिथं फाकंल ते वाढवतो, आणि जिकडं आपण बघत नाही ते काढून टाकतो. म्हणून ज्याचं त्याचं बंदर वेगळं. म्हणून तर सोडवत नाही माणसाला."

धैर्यशील चष्म्याआड होता, म्हणून त्याचा चेहरा कोणाला पुरता दिसला नाही. त्याला आता कळलं होतं. महिना-दीड महिना सगळा महाराष्ट्र एकमेकांच्या बंदरांबद्दल बोलत होता, आणि हा एकटा दार लावून, पेपर न वाचता, कोणाशी न बोलता बसला होता. यंत्राला बाहुली मोठी झालेली कळते. ती प्रेमाने झाली की जळफळाटाने, हे कळत नाही. भिंतीवर मात्र सगळ्यांना कळत होतं. त्याने नजर वळवली तर जिथे वळवली तिथे आणखी एक विश्वजित उभा राहिला.

"पेपरवाले काहीही लिहितात, आप्पा," विश्वजित सहज म्हणाला. "तसं काही नसतं. दादा म्हणतात ते खरं. आमच्या पोरांनी माझी चेष्टा म्हणून काही चष्म्यांत माझंच तोंड भरलं, आणि मलाही बरं वाटलं. हौस म्हणा."

तो धादांत खोटं बोलत होता आणि ते धैर्यशीलसाठी बोलत होता. सासऱ्यासमोर, बायकोसमोर स्वतःला बढाईखोर ठरवून घेत होता. धैर्यशीलने चष्मा काढला. एक वाक्य बोलायची गरज होती. नाही आप्पा, हे माझ्याच डोळ्यांचं काम आहे, एवढंच. ते वाक्य ओठांपर्यंत आलं. पण समोर विश्वजित शांतपणे बसला होता, याही वेळी वरचढ, आणि त्याचे उपकार घ्यायचे तर निदान ते उपकार आहेत असं दाखवायला नको, असं धैर्यशीलला वाटलं.

"हौस असावी, विश्वजितराव," तो थोरल्या जावयाच्या आवाजात म्हणाला. "पण बेतानं असावी."

"चुकलंच, दादा," विश्वजित म्हणाला. सासूबाई सुटल्यासारख्या हसल्या आणि ताटं आवरायला उठल्या. केतकी हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

थोड्या वेळाने ती त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं.

"चष्मा दे," ती म्हणाली. इथे दोघंच होते, म्हणून अहो नव्हतं.

"केतकी, ऐक, मी..."

"दे."

तिने चष्मा लावला आणि पलंगाच्या कडेला बसली. ती काय बघते आहे, ते त्याला दिसत नव्हतं. तिची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होती. बाजारात हरवलेल्या माणसाला शोधावं तशी ती शोधत होती.

"काय बघतेस?"

"मी पण होते ना यात," ती म्हणाली. "विहिरीवर. माझ्या चष्म्यात मी बघितलंय स्वतःला." मान परत एकदा फिरली. "इथे विहिरीवर तो पाणी भरतोय. दुकानात आप्पा नाहीत, तो आहे. सगळं गाव फिरले. मी कुठेच नाही."

त्याने चष्म्यासाठी हात पुढे केला.

तिने चष्मा काढून पलंगावर ठेवला. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"सहा वर्षं मला वाटत होतं की तुला चकचकाट नको आहे," ती म्हणाली. "तुझं काहीतरी वेगळं म्हणणं आहे, आणि ते जपण्यासाठी आपण हाल काढतोय. तसं असतं तर 'पाणंद' पेटीत ठेवून मी म्हातारी झाले असते. पण तुला तेच हवं होतं. विश्वजितरावांकडे आहे ते सगळं. फक्त ते त्यांच्याकडे आहे म्हणून तुला नको होतं."

"तसं नाही केतकी."

"मग मघाशी बाहेर खरं का नाही बोललास? त्यांनी तुझी लाज राखली, आणि तू त्यांना बेतानं राहायला सांगितलंस."

बाहेर गाडीचं दार वाजलं. ऋतुजाचं सामान गाडीत चढत होतं. केतकी उठली आणि तिने पदर नीट केला.

"गोष्ट माझी आहे," ती म्हणाली. "मी हो सांगून येते. तुझ्या रेषा द्यायच्या की नाहीत, ते तू ठरव."

"आणि आपलं?"

"कोल्हापूरला गेल्यावर बोलू," ती म्हणाली आणि गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

धैर्यशील खिडकीशी आला. अंगणात शेवग्याखाली विश्वजित गाडीला टेकून उभा होता. केतकी त्याच्याजवळ गेली, काहीतरी बोलली. विश्वजितचा चेहरा उजळला. त्याने दोन्ही हात जोडले, मग उत्साहाने हातवारे करत काही सांगू लागला. बहुधा पाणंदीतली धूळ कशी उडेल, मुलगी चालताना कुंपणाची सावली कशी हलेल, असंच काहीसं. केतकी मधेच त्याला थांबवून काही दुरुस्त करत होती. ती हसत होती. इतकी मोकळी ती किती दिवसांत हसली नव्हती, ते धैर्यशीलला आठवेना. तिच्या कपाळावर उन्हाचा कवडसा पडला होता. उजव्या भुवईजवळचा तीळ त्याला इतक्या लांबूनही दिसला. हा तीळ आपण कधीपासून बघितला नाही, असा विचार त्याच्या मनात आला, आणि आता तरी बघून घ्यावं असं त्याला वाटलं.

त्याने गज घट्ट धरले आणि नजर केतकीवर ठेवायचा प्रयत्न केला. नजर विश्वजितवरच जात राहिली.